बोअर नंबर सात

हिंगण्याच्या बंद कारखान्यामागे
सव्वा एकर काळी.
कुदळ मारली की ढेकूळ फुटत नाही,
चिकटतं. हाताला वास राहतो जळक्या तेलाचा,
साबणाला न जुमानणारा.

देवाजी सहारे इथला चौकीदार.
पहिल्याच दिवशी त्यानं खड्डा दाखवला:
"इथंच ओतत होतो मी, मॅडम.
रोज दोन डबे, एकोणीस वर्षं.
साहेब म्हणे, जमीन पिऊन घेते."

प्यायली जमीन.
मग मुरमातून, खडकाच्या भेगांतून
झिरपत गेलं सगळं
नाल्यापलीकडच्या विहिरीपर्यंत,
जिथं बादलीत आता मोरपंखी रंग तरंगतात
आणि बकऱ्यासुद्धा तोंड फिरवतात.

औषध बाहेरून आणलं नाही.
खड्ड्याच्या काठचीच चिमूटभर माती
बाटलीत घालून नेली.
तिच्यात ते होतेच,
उपाशीपोटी तेल चाटायला शिकलेले.
मी त्यांना फक्त वाढवलं.

मग ढीग रचले.
भंडाऱ्याहून धानाचा कोंडा, शेण,
तोळामाशानं मोजलेला युरिया,
आणि नळ्यांमधून हवा, रात्रंदिवस.

मे महिना. सेहेचाळीस.
देवाजी आपल्या कूलरचं पाणी
बादलीनं ढिगावर नेऊन मारतो,
गोणपाटं ओली ठेवतो.
"त्यायले बी ऊन लागते न, मॅडम."
मग हळूच: "दिसत तं नाही,
जेवले हे कसं समजते?"
मी त्याचा हात कोपरापर्यंत ढिगात घातला.
आत ऊब होती,
बाळंतिणीच्या बाजेखालच्या शेगडीसारखी.
त्यानं हात बराच वेळ काढला नाही.

आकडे उतरत गेले.
सहा बोअरचे.
सातव्याचा हलेना.
हवा वाढवली, खत बदललं,
नमुने पुन्हा पाठवले; मीटरलाही शिव्या घातल्या.

जुलैत एका संध्याकाळी
तो चहा घेऊन आला आणि उभाच राहिला.
"सातच्या तिकडं, भिंतीखाली
अजून एक खड्डा आहे.
तो रात्रीचा होता. पिंपं असत.
काय होतं त्यायच्यात, मले नाही ठाऊक."
चहावर साय धरली.
"सांगाची हिंमतच नाही झाली."

नोंदवहीत मी नवा खड्डा मांडला:
लांबी, रुंदी, भिंतीपासूनचं अंतर.
माहिती कोणी दिली, याला
रकाना नव्हता.

पिंपातलं काय, ते अजून कळायचंय.
हे जंतू ते खातील की
त्यानंच मरतील, तेही.
सकाळी पाहिलं तर
सातजवळच्या उघड्या मातीवर
कोणीतरी ओलं गोणपाट टाकून ठेवलेलं.