प्राधान्य दहा

लॅपटॉप सुरू होतो, पण चित्र येत नाही.
ना खिडक्या, ना कोपऱ्यातला वायफायचा छोटा पंखा.
नुसतं काळं, आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ.
"गेला ना?" शलाकाताई दारातूनच विचारतात.
मी म्हणतो, चेहरा गेलाय. कान शाबूत आहेत.

धायरी फाट्यावर माझं दुकान.
घरी येऊन बघायचे दोनशे वेगळे.
पायगुड्यांकडे ते घ्यायचे नाहीत, असं जिना चढताना ठरवलं,
चहा आल्यावर पुन्हा ठरवलं.

आधी विचारलं, हवेत कोण कोण आहे.
एक ओळ, एक एंटर,
आणि सगळी सोसायटी रांगेत उभी राहिली:
जोगळेकर_मागू_नये, ब्याण्णव टक्के.
माउली डेअरी, एकाहत्तर.
तिसरा मजला डावीकडचे, चव्वेचाळीस, येऊन जाऊन.
प्रत्येकाच्या पुढे कुलूप.
कुलूप नाही ते फक्त कुणाच्या तरी नव्या प्रिंटरला;
बिचारा सगळ्या धायरीला हाका मारत बसलेला.

"आमचं?" आहे ना. पायगुडे_घर. सत्याण्णव.
पण पासवर्ड?
तो यांनाच माहीत, त्या म्हणाल्या,
आणि 'हे' कुठे आहेत ते त्या बोलल्या नाहीत.
मीही चहा संपवला.

मशीन विसरत नाही, मी सांगितलं,
जिथे जिथे जोडलं गेलं त्याची नोंद ठेवतं.
दाखवा, म्हणाल्या, आणि खुर्ची ओढली.

मिरजेचं एक लॉज. स्वारगेटचं कँटीन.
ऑफिस, ऑफिस पाहुणे.
वाकड_वरचा_मजला.
त्याच्यासमोर आकडा: दहा.
पायगुडे_घरच्या समोर शून्य.

वर सरकवायला माझं बोट उशिरा पोचलं.
"दहा म्हणजे काय हो?"
प्राधान्य, म्हणालो. दोन्ही सापडली, तर आधी कुठे जायचं ते.
"ते आपोआप होतं?"
नाही ताई. आपोआप सगळ्यांना शून्यच असतं.
आकडा हाताने टाकावा लागतो.

बाहेर कुणाची तरी स्कूटर तीनदा किक खाऊन सुरू झाली.
"इथून वाकड दिसत नाही ना पण?"
नाही. रेंजमध्ये नाही.
"मग राहू दे. आमचं काढा."

सुडो लावलं. गुपित दाखव म्हटलं.
आणि आलं ते असं: एक ते आठ. सलग.
याच माणसाने माझ्या दुकानात, काउंटरला रेलून,
वीस अक्षरं, चिन्हं, लहान लिपी, मोठी लिपी
असं अर्धा तास ऐकवलं होतं मला.
ताई स्क्रीनकडे बघत राहिल्या.
"मला म्हणाले होते,
सांगितला तरी तुझ्या लक्षात राहायचा नाही."

आम्ही तो बदलला.
राउटरच्या आतही त्याच काळ्या दारातून शिरलो,
अक्षरं उमटणार नाहीत अशी सोय केली
आणि उठून खिडकीशी गेलो.
मागे किबोर्ड बराच वेळ वाजला.
मध्ये थांबला. एकदा पुसल्याचा आवाज. पुन्हा पहिल्यापासून.
आठच्या पुढे कितीही चालतात ना, त्यांनी विचारलं.
त्रेसष्टपर्यंत.
"पुरतील."

मग लॅपटॉपला तेच पुन्हा सांगायचं होतं.
आता त्यांनीच ओळ टाईप केली, मी नुसता स्पेलिंग बोललो.
राउटर आणि लॅपटॉप चार वेळा एकमेकांशी बोलतात;
किल्ली कुणीच उच्चारत नाही,
ती दोघांकडे आहे एवढंच पटवतात.
खाली एक साधं वाक्य आलं: कनेक्शन चालू झालं.
ना टाळी, ना हिरवा दिवा.

वाकडचं पुसू का? मी विचारलं.
त्यांनी डोळे बारीक करून ती ओळ पुन्हा वाचली.
"शून्य करता येतं का?"
येतं.
"तेवढं करा."

दोनशे त्यांनी बळेच खिशात कोंबले.
मी चपला घालत असताना आतल्या खोलीतून
ओजस ओरडला, "आई, नेट गेलं! पासवर्ड काय आहे?"
त्या कप विसळत होत्या.
नळ जरा मोठा केला.