आतलं पांढरं

कुडचड्यात पांढरं काही टिकत नाही.
खाणी बंद होत्या त्या वर्षांतसुद्धा
तांबडी धूळ निघतच राहिली
कौलांखालून, पंख्याच्या पात्यांवरून,
लग्नाच्या जुन्या अल्बममधून.

मी मडवळाचा मुलगा.
पुलाच्या अलीकडे माझं इस्त्रीचं टेबल,
करवंट्यांचा कोळसा.
गावाचे बाहेरचे कपडे मला पाठ आहेत :
कोणाची कॉलर उलटून शिवलीय,
कोणाच्या खिशात लॉटरी विसरते,
कोणत्या घरात बटण तुटलं की तुटलेलंच.

एर्मेजिल्द कुलासोचे फक्त शर्ट येतात.
आधी बोटीवर, मग बार्जवर इंजिन सांभाळलेला माणूस.
त्याच्या घरात कपड्यांची दोरी आतल्या खोलीत,
भर मे महिन्यातही.
लोक मनिलाहून अत्तर आणतात,
हा धर्म घेऊन आला, असं बाजारात म्हणतात.
फेणी सोडली ते समजलं,
पण चहा?
चहा सोडलेल्या माणसावर गाव विश्वास ठेवत नाही.

बायको कितेरिया रविवारी इगर्जीत जाते,
गळ्यात दोऱ्याला तपकिरी कापडाचे दोन तुकडे, बेंतीण,
घामानं कडा झिजलेलं.
तिला सोडून तो स्कूटर पुढे नेतो,
सावर्ड्यात कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत
सातआठ जणांची प्रार्थना असते.
येताना दोघं मासळी घेतात. एकाच पिशवीत.

एकदा मीच विचारलं,
ते आतलं पांढरं म्हणजे काय? चिलखत?
तो हसला. बाही वर करून
कोपरापर्यंतचा भाजल्याचा डाग दाखवला.
घातलेलं असतानाच भाजलं, म्हणाला.
मग बराच वेळ माझ्या कोळशाकडे बघत राहिला.
"काही विसरू नये म्हणून
रुमालाला गाठ मारतात ना?
ती गाठ मी अंगात घालतो."
काय विसरायचं नाही, ते सांगितलं नाही.
मीही गाठ सोडायला गेलो नाही.

माझा बाप देवीच्या साड्या धुवायचा.
नदीवर नव्हे, वेगळ्या झरीवर,
कोणी उठायच्या आधी.
ओल्या साडीवर स्वतःची सावली पडू नये
म्हणून उन्हाकडे तोंड करून मागे मागे सरकायचा,
एकदा तसाच चिऱ्याला अडखळून पडला.
मी खदखदून हसलो.
त्यानं मारलं नाही. साडी तेवढी
वर धरून ठेवलेली होती, दोन्ही हातांनी, पडल्या पडल्या.

गेल्या महिन्यात एर्मेजिल्दनं एक पुडकं आणलं.
वर्तमानपत्रात जुनं, विरलेलं, स्वच्छ कापड.
तीनचार ठिकाणी कात्रीनं काढलेल्या
बोटभर खिडक्या.
"खुणा मी काढून घेतल्या, जाळल्या.
आता हे नुसतं कापड. इस्त्री पूस."

नुसतं कापड.
मी ते उजेडात धरलं.
एका खिडकीतून पूल दिसला,
एकीतून रिकामी बार्ज, गंजलेली,
एकीतून तोच, स्कूटरला किक मारताना,
किक लागत नव्हती.
मला विचारायचं होतं
की खुणा काढल्या तर मग उरतं काय,
आणि उरत नसेल तर
एवढी नीट घडी का घातलीस?
तोवर स्कूटर सुरू झाली.

पुडकं टेबलाखाली आहे, करवंट्यांच्या पोत्यापासून लांब.
परवा कोणाच्या तरी नायलॉनच्या साडीनं
इस्त्रीचा तळ चिकट झाला.
हात खाली गेला होता.
मग माझ्याच शर्टाचं टोक ओढून पुसला.

शर्ट तसाही तांबडाच होता.