पाव अँपिअर

कुताईसीत त्या हिवाळ्यात वीज नव्हती
आणि अवक्सेंती मास्तर आम्हाला वीज शिकवत होते.
कोणी हसलं नाही.
तोंडातली वाफ आम्ही हातमोज्यांत साठवत होतो.

वर्गात पाच जण आणि एक रॉकेलचा दिवा.
काच एका बाजूने काळवंडलेली,
त्यामुळे फळ्याचा डावा कोपरा
सकाळी नऊलाही कातरवेळेत.

मास्तरांनी चौकोन काढला, एका टोकावर उभा:
वर अ, खाली ड, कडांना ब आणि क,
ब-क मध्ये आडवा पूल.
"अ-ब सहा ओहम, अ-क बारा, पूल अठरा.
खाली ब कडून नऊ, क कडून सहा.
व्होल्ट चोवीस. माझ्या भावाच्या ट्रकच्या दोन बॅटऱ्या समजा.
ट्रक विकला त्याने, बॅटऱ्या ठेवल्यात.
पुलावरून किती जातं?"

"कुठून कुठे जातं?" त्सिउरीने विचारलं.
"तेच तर."

"ही जोडणी एकसर नाही, समांतर नाही.
अशाच घरात वाढलो मी," म्हणाले,
आणि कोटाच्या बाहीने वरचा त्रिकोण पुसला.
त्याच्या जागी तीन पायांचा तारा,
मधोमध एक ठिपका: म.

शेजारच्या दोघांचा गुणाकार, भागिले तिघांची बेरीज.
बारा सक बहात्तर, भागिले छत्तीस: दोन.
अठरा सक एकशे आठ: तीन.
बारा गुणिले अठरा मात्र बोटांवर होईना,
बोटं बधिर होती. सहा, गोगिताने सांगितलं.
मग सगळं भराभर सुटत गेलं, थिजलेली गाठ शेकल्यासारखं:
तीन नि नऊ बारा, सहा नि सहा बारा,
दोन बारा शेजारी शेजारी म्हणजे सहा, वरचे दोन, आठ.
तीन अँपिअर. दीड इकडे, दीड तिकडे.

गोगिताने ठिपक्यावर बोट ठेवलं.
"खऱ्या पाटीवर हा कुठे असतो?"
"कुठेच नाही. तिथे सोल्डरचा थेंबसुद्धा नाही.
पण अ ला विचार, ब ला, क ला विचार.
बाहेरून कुणालाच फरक कळत नाही."

मला कळला.
आमच्या घरी एका लोखंडी चुलीभोवती तिघी:
मी, आई, एतेरी काकू.
सुखुमीहून काकू आली, तेंगो आला नाही.
एवढाच काय तो अठरा ओहमचा रोध.
दोघी बोलत तेंगोकडे.
"तेंगोला गारठा सोसत नाही," आई भिंतीला सांगे,
आणि काकू चुलीत लाकूड सरकवी.
"तेंगोला मीठ कमी लागतं," काकू पातेल्याला सांगे.
माझा भाऊ, आमच्या मधोमध, सोल्डरचा थेंबसुद्धा नाही.

आम्ही वह्या मिटू लागलो.
"बसा. तीन अँपिअर कोणी विचारले होते?
पूल कुठाय? तो तर आपण पुसला.
ताऱ्यात पूल नसतो.
ज्याच्यासाठी एवढं केलं तोच नाहीसा झाला.
आता परत जा."

परत त्रिकोण. परत सहा, बारा, अठरा.
दीड गुणिले नऊ, ब वर साडेतेरा.
दीड गुणिले सहा, क वर नऊ.
फरक साडेचार, मध्ये अठरा.
पाव अँपिअर. ब कडून क कडे.

"एवढंच?" त्सिउरी म्हणाली.
"एवढंच," मास्तरांनी दिव्याची वात खाली केली.

त्या संध्याकाळी बेकरीच्या रांगेत
चार तासांनी एक पाव मिळाला.
आईने त्याचे चार तुकडे केले, नेहमीसारखे,
चौथा ताटलीत झाकून ठेवायचा.
हात ताटलीपर्यंत गेला, थांबला,
आणि तो तुकडा तिने काकूपुढे सरकवला.
"खा. दुपारपासून तशीच आहेस."
तेंगोचं नाव न घेता.
काकूने खाल्ला की नाही, मी पाहिलं नाही,
मी चुलीकडे बघत होते.

मास्तरांना सांगितलं नाही. एकक वेगळं होतं.

तेंगो मार्चमध्ये आला.
मध्ये नाही बसला.
दाराशी बसला, बूट न काढता.