धागा

"ब्यानी ऐती?" मी विचारलं.
"मराठीत इचारा की, डाक्टर.
दुखनं दोन्हीकडं येकच."
आक्काताई चौगुले, निपाणीहून बेळगावला आलेल्या.
चाळीस वर्षं विड्या वळल्या;
हजाराला किती धागा, बोटांना पाठ.

त्यांना पाठ वाकवून बसवलं.
पडद्यावर करडे थर,
स्नायूंखाली हाडाची पांढरी कड.
सुईतून औषध सरकलं, तसा थर अलगद उचलला,
भिजवलेल्या टेंभुर्णीच्या पानागत.
मग दुसरी बाजू.

त्यानंतरचं काम सर्जनचं:
पायातली शीर हृदयावर,
छातीचं हाड तारेनं बंद.
मी उशाशी. फेंटानिलच्या दोन कुप्या
फोडाव्याच लागल्या नाहीत.

संध्याकाळी सातला नळी काढली.
सिस्टर नीलव्वानं उशी दिली छातीशी धरायला,
"केम्म्रि, अज्जी. जोराक."
इथंच भलेभले डोळे मिटून घेतात,
कफ आतच ठेवतात,
आणि चौथ्या दिवशी ताप.

उशी मांडीवरच राहिली.
आक्काताई खोकल्या,
तंबाखूच्या वखारीत खोकावं तशा, बेंबीपासून.
पलीकडच्या खाटेवरचा माणूस दचकला.

मग पट्टीवरून बोट फिरवत म्हणाल्या,
"जुडी बरी बांधलीया.
धागा तेवढा जाड वापरलासा."