वाचतं बोट

लाझारोस न्हावी म्हणतो, बोटं लाल झालीत तुझी.
लाल मला ठाऊक नाही.
ठणका ठाऊक आहे,
रात्री नाडीबरोबर पावलं टाकणारा,
आणि सकाळी फोनचं बटण दाबताच
टाचणीसारखा वर चढणारा:
नमस्कार, वोलोसचं रुग्णालय, कोणता विभाग हवाय?

बाबांची बुझुकी दाराआड खिळ्याला होती.
येता-जाता खांदा लागला की हुंकारायची.
अकरा वर्षं मी तिला म्हणत आले, हो, हो, बघू.
या हिवाळ्यात खाली घेतली. वय सत्तेचाळीस.
सहा पोलादी तारा, दोन-दोनच्या जोड्या,
त्यातली सगळ्यात बारीक जोडी
सगळ्यात कजाग.

लाझारोस वस्तरा पट्ट्यावर घासत सांगतो,
व्हिनेगरात बुडव बोटं.
तीन आठवड्यांत कातडं मरतं, मग सुखच सुख.
गिऱ्हाईक हसतं, साबणाचा फेस उडवत.
मीही हसते.
बुडवते घरी येऊन, लोणच्यातल्या मिरच्यांसारखी,
चार बोटं एका वाटीत.

पण डावी तर्जनी माझी वाचते.
सहा वर्षांची होते, अथेन्सच्या शाळेत
बाई एव्दोकियांनी मनगट धरून
टिंबांवर टेकवलं होतं ते हेच बोट.
औषधांची खोकी, लिफ्टचे मजले,
आणि पांडेलिसची पत्रं
सगळं हिच्या टोकातून आत येतं.

पांडेलिस माझ्या वर्गातला. कावालात लोकांच्या पाठी रगडतो.
महिन्याला एक पत्र, जाड कागदावर, टोच्यानं टोचलेलं.
फोन कर ना, म्हटलं तर म्हणतो,
फोनवर तू कायम ड्यूटीवर असतेस.

फेब्रुवारीचं पत्र उघडलं
आणि कागद मुका.
टिंबं होती, पण
सतरंजीखाली सांडलेल्या रव्यासारखी.
दाबून पाहिलं. गालाला लावून पाहिलं.
ओठांनीही, कुणाला सांगू नका.
बोटावर छोटासा घट्टा, टणक, गुळगुळीत,
ज्याची मी महिनाभर वाट पाहिली होती.

बुझुकी खिळ्याला परत टांगली.
दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी उजव्या तर्जनीला म्हटलं, चल, शाळेत.
ती नखी धरणारी, मऊ, आळशी.
जन्मभर ओळीच्या टोकाशी उभी राहिलेली,
चपला न काढलेल्या पाहुणीसारखी.
एक अक्षर, मग परत मागे, मग तेच अक्षर.
डावीला चार मिनिटं पुरायची, चुलीपाशी उभ्याउभ्या.
हिला अख्खी संध्याकाळ लागली:
आईचा गुडघा. ऑलिव्हचा भाव.
समोरच्यांनी मांजर पाळलंय, त्याला नाव नाही.

त्याच्या सहीखाली कोरी जागा असते.
डावी तिथून कधीच वळायची.
उजवीला कुठे थांबायचं ते कळत नव्हतं,
ती घसरत खाली गेली
आणि अडखळली.

आमच्यात खोडणं म्हणजे
टिंब नखानं परत कागदात बसवणं.
कागद बसतो, पण पुरता नाही.
तीन अक्षरं. सहा टिंबं, चेपलेली.
एप्सिलोन, लांब्दा, आल्फा.
ये.

खण उपसला. ऑगस्टच्या पत्रात आहे.
जूनच्या नाही.
बाबा गेले त्या आठवड्यातल्या पत्रात
दोनदा लिहून दोनदा चेपलंय,
दुसऱ्यांदा इतक्या जोरात
की तिथे कागद फाटलाय.

लाझारोस, मी विचारलं, कावालाला जायचं तर
बस थेस्सालोनिकीला बदलावी लागते का?
कात्री थांबली.
लागते, म्हणाला.
आणि मग, बऱ्याच वेळानं,
ती बारीक तार आधी नीट लाव.
उतरलीय ती.