वरनं जुनेर

दिघंचीच्या अलीकडं तातोबा लेंगऱ्याची बाग.
भाद्रपदात रात्री आठ ते अकरा
मी आणि सगुणा कपाळाला बॅटरी बांधून
डाळिंबाच्या ओळी फिरतो.
पतंगामागं दोन रुपये,
मेलेला असला तरी चालतो.

बसला की तो वाळकं पान:
शिरा आहेत, देठ आहे,
एका कडेला कुणी कुरतडल्यासारखी वळणसुद्धा.
चिमटीत धरून पंख फाकवले की
आत हळद. दाट, लग्नातली.
तिच्यावर काळा डाग, काजूच्या आकाराचा,
आणि काठ काळा.
"वरनं जुनेर, आतनं इरकल,"
सगुणा म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं.

भगव्याच्या ज्या सालीला आमची नखं लागत नाहीत
तिच्यात त्याची सोंड शिरते.
भोक सुईच्या टोकाएवढं.
दाबलं की रस येतो,
आणि चौथ्या दिवशी फळ खाली.

हिप्परकर मॅडमनी मोबाइलवर नकाशा दाखवला:
आफ्रिका, आपण, त्याच्याही पलीकडं समुद्रातली बेटं,
ऑस्ट्रेलियाचा वरचा अंग.
सगळीकडं एकच रंग फासलेला.
आटपाडीचं नाव त्या रंगाखाली कुठंतरी.
मी सांगलीपर्यंत दोनदा गेलेय,
एकदा दवाखान्याला, एकदा साक्षीला.

"पण अळी डाळिंब खात नाही," मॅडम म्हणाल्या,
"ती वाढते गुळवेलीवर, वासनवेलीवर.
बांधावरची मुळासकट काढा."

बांधावरच्या लिंबाला ती वेल
माझ्या लग्नाआधीपासनं आहे.
तापाच्या त्या वर्षी
अख्खा गाव कोयता घेऊन यायचा,
बोटाबोटाएवढे तुकडे न्यायचा.
तातोबा तर सकाळ-संध्याकाळ काढा प्यायचा,
कडू तोंड करून, उभ्यानं.

आता त्यानंच मला तीनशे रुपये रोजानं लावलं.
पानं उलटली तर खाली अळी:
काळी मखमल, कमरेत वाकलेली,
डोकं पोटाशी दडवून
कुशीवर दोन खोटे डोळे उघडे ठेवलेली.
ते डोळे माझ्याकडं बघत नव्हते.
तरी मी कोयता दुसऱ्या हातात घेतला.

वेल तोडली.
वरच्या फांद्यांत राहिलेल्या टोकानं
चार दिवसांत दोऱ्यासारखं मूळ सोडलं,
हवेतनं, माती शोधत, खाली.
तातोबाला बोलले नाही.
त्याला चष्म्याशिवाय तेवढं दिसत नाही.

आणि एक वीतभर तुकडा
मी ओच्यात घालून घरी आणला होता,
मोरीमागच्या शेवग्याला टेकवला होता.
पोराला ताप आला तर कुठं जायचं, म्हणून.

काल त्याला सहा पानं होती.
सहाव्याला कडेनं अर्धचंद्र खाल्लेला.
मी पान उलटलं नाही.
रात्री डोक्याला बॅटरी बांधली
आणि सगुणाला हाक मारली.