मोरचुदी मूठ

पात्याचं मला काही सांगू नका.
धार, पोलाद, शेफिल्ड की रामपूर
ते फ्रामरोज बघतो, देवळाली कँपात, भिंगातून.
मी मूठ बघतो. मुठीचा रंग.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसात
कागदावरचा चुकलेला रंग शोधून
बाजूला काढायची नोकरी केली.
किंचित जास्त जांभळा: रद्द.
हिरव्यात पिवळ्याची शंका: रद्द.
निवृत्त झालो तेव्हा डोळ्यांना म्हटलं,
आता रद्द झालेलं घरी आणा.

तेव्हापासून दर बुधवारी गोदेकाठच्या बाजारात
मेथीच्या जुड्या ओलांडून
जुन्या लोखंडाच्या पोत्यापाशी उकिडवा बसतो.
नसीमबी मला बघून कुलपांच्या ढिगाखालून डबा ओढते.
'आलंय बघा बाबा, वांगी कलरचं.'
वांगी कसलं,
वांगं देठापाशी फिकं पडतं ना,
तेवढ्या बोटभर जागेतला तो जांभळा.
मी तोंडावर काही दाखवत नाही.
साठ म्हणते, चाळीसला घेतो.
दाखवलं असतं तर दोनशे.

बत्तीस झालेत.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या धोतराच्या तुकड्यांत.
एक कवठाच्या गराचा.
एक खोकल्याच्या औषधाचा, बाटली उन्हात धरल्यावर दिसतं तसा.
एकाचं सेल्युलॉइड ओतताना
कुणाचा तरी हात हलला असणार,
लालात धुरासारखा करडा शिरलाय.
तो कुणालाच दाखवत नाही. झाकली मूठ.
शालन म्हणते, घरात बत्तीस चाकू
आणि भेंडी मी विळीवर चिरते.
खरं आहे.
एकाचंही पातं मी कामासाठी उघडलेलं नाही.

परवा फ्रामरोजचा फोन.
'गिरणाऱ्याला एक कलमवाला हाय.
मूठ निळी बोलू का हिरवी, मला नाय समजत. तू जा.'

बस, मग पायी.
भाद्रपदातलं ऊन, डॉगरिजच्या खुंटांच्या रांगा,
आणि एका खुंटाशी वाकलेला पुंजाराम लभडे,
दातांत पट्टी, हातात तो.

मोरचूद.
पितळी खिळ्यांपाशी गडद,
अंगठा टेकतो तिथे जवळजवळ दुधी.
असा रंग कुठल्या कारखान्याच्या डब्यात मिळत नाही
एवढं कळलं, आणि गुडघे जरा हलले.

'विकणार का?'
त्यानं आधी कलम बांधून संपवलं.
'आणला तवा पांढरा व्हता. हाडाची मूठ हाये ना.
फवारणीचं बोर्डो, त्यात मानूस हात कुठं धुतो.
सव्वीस वर्सं.'
आणि तळहात पुढे केला.
रेषांत तेच.
मी जुन्या सवयीनं दोन्ही छटा
शेजारी शेजारी धरून तपासल्या.
पास.

विकला नाही. कामाचा हाये म्हणाला. चहा पाजला.

रात्री डबा उपसला.
तळाशी एक पांढरा होता, हाडाचाच,
ढिगाबरोबर चुकून आलेला,
सात वर्षांत न पुसलेला.
रविवारी तो घेऊन पुन्हा गिरणारे.
'हा वापरा. रंग चढला की घेऊन जाईन.'
'कवा?'
'सव्वीस वर्षांनी.'
पुंजारामनं माझ्या केसांकडे पाहिलं,
मग चपलांकडे,
आणि काही बोलला नाही.

चाकू हातात देऊ नये, भांडण होतं,
म्हणून मी तो बांधावर ठेवला.
त्यानं उचलून उघडला, पात्यावर अंगठा फिरवला,
'धारच नाही हो याला,' म्हणाला
आणि दगड शोधायला गेला.